वास करण्यास मनाई

ऐक रे, फक्त ऐक, मधे बोलू नको. माणसाला जगायला चार गोष्टी लागतात: हवा, अन्न, निवारा आणि मान. खारघरच्या 'हरितछाया' सोसायटीने त्यात पाचवी घातली, शेडखालचं पार्किंग. (पाण्याचा विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला, कारण तेवढ्यात टँकर आला.) ह्या गरजा एकमेकींच्या जिवावर उठतात म्हणे. सोसायटीने ते सिद्ध करून दाखवलं.

रूपेश तिथला नवा सेक्रेटरी. आगरी पोरगा, तिशीतला. पगार शून्य, पण सेक्रेटरीला शेडखालची जागा मिळते. आधी त्याची गाडी कबुतरांखाली उभी असायची, म्हणून आता जीव तोडून समाजसेवा चाललेली. घरात तो आणि त्याची आई, काशी.

एका रविवारी काशीने वाळवलेल्या कोलंबीची सुकट केली. वांगं घालून. वास चौथ्या मजल्यावरून निघाला आणि लिफ्टची वाट न बघता अकराव्यावर पोचला. तिथे चेअरमन सुधीर सर राहतात. तातडीची मीटिंग लागली.

"हे बघ रूपेश," सर म्हणाले, "माणूस जेवणाशिवाय आठवडे काढतो, हवेशिवाय पाच मिनिटं नाही. म्हणजे मोठी गरज कुठली? हवा! मग हवेच्या आड येणारं जेवण म्हणजे निसर्गाच्या विरोधात झालं की नाही?"

सर्व्हेही झाला. बासष्ट टक्के लोकांना वास आला. त्यातल्या निम्म्यांना त्या वासाने भूक लागली. (ही भूक अनधिकृत धरण्यात आली.)

ठराव पास. नोटीस रूपेशनेच लिहायची, कारण कमिटीत मराठी अक्षर त्याचंच बरं. ऑफिशियल वाटावं म्हणून त्याने जोर लावून लिहिलं: 'या इमारतीत वास करण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून, सेक्रेटरी.'

संध्याकाळी काशी भाजी घेऊन आली आणि बोर्डासमोर थांबली. बाई चौथी शिकलेली, वर भजनी मंडळातली. देव वैकुंठी वास करतो तो काही सुकटीमुळे नाही, एवढं तिला पक्कं माहीत. वर येऊन ती पिशवी भरायला लागली.

"आये, कुठं चाललीस?"

"जासईला, भावाकडं. हितं रावाला बंदी हाय. सही तुजीच हाय ना?"

"अगं, वास म्हंजे सुकटीचा वास!"

"मंग मी आन सुकट काय येगली हाव?"

आणि गेली.

रूपेश कमिटीच्या पाया पडला, नोटीस मागे घ्या. पण मागे घेतली तर कमिटीचा मान जातो, आणि मान ही मूलभूत गरज आहे. म्हणून खाली दुरुस्ती जोडली: 'वास करावा, परंतु येऊ देऊ नये.' म्हणजे राहा, पण राहताय हे कुणाला कळू देऊ नका. (भाडेकरू म्हणाले, आमच्यासाठी हा नियम जुनाच आहे.) शिवाय, नोटीस फाडेल त्याचं पद जाईल. पदाबरोबर शेड.

मग एकदा सुधीर सरच हळूच दारात. "आई कधी येणार रे? नाही, सहज. येताना थोडी सुकट आणतील का, सीलबंद? आमच्या हिला चालत नाही."

"सर, तक्रार तुमचीच होती!"

"ती नाकाची. पोटाने सही केली नव्हती."

बाहेरचं खाऊन रूपेशचं पोट बिघडलं तेव्हा त्याने आईला फोन लावला. काशी म्हणाली, "तो कागूद फार, मंग येतंव. सुकट घेऊन."

आता रूपेश बोर्डासमोर उभा आहे. फाडायचा म्हणून कागदाचा कोपरा चिमटीत. समोर शेडखाली त्याची गाडी, अशी चकाचक की अंगावर एक शिंतोडा नाही.

बोल, तू काय केलं असतंस? लगेच 'आई' म्हणू नको, रूपेशपण आधी तेच म्हणाला होता. पहिलं सांग, तुझी गाडी कुठे असते? शेडखाली ना?

आणि आई?