बाटलीतली थंडी

एका जंगलात विस्तवाला बंदी होती. मुलांनो, यात हसण्यासारखे काही नाही. जंगलात विस्तव नसावा, हे बरोबरच आहे. नीट बसा आणि ऐका.

ते जंगल फार लांब होते. एक टोक कोकणात, खाडीच्या पाण्यात पाय सोडून बसलेले. मधे घाट. दुसरे टोक पार वऱ्हाडात. कोकणात आंबा मोहरल्याची बातमी वऱ्हाडात पोचेपर्यंत तिकडे कैऱ्या लागलेल्या असत.

बंदी होती, पण राजा दयाळू होता. दर हिवाळ्यात तो एका शेकोटीची परवानगी देई. एकच. ज्या भागात सगळ्यात जास्त थंडी, त्या भागाला. राजा स्वतः गुहेबाहेर येत नसे, त्यामुळे थंडी कुठे जास्त, हे त्याला ठाऊक नसे. ते ठरवायला त्याने पंच नेमला होता. पंच म्हणजे घाटातला गवा, बळवंतराव. अंग मोठे, आवाज मोठा, कातडी जाड. थंडी त्याला आयुष्यात कधी वाजली नव्हती, म्हणून तो निःपक्षपाती समजला जाई.

वऱ्हाडात उकंडराव नावाचा साळिंदर राहत होता. साळिंदराच्या अंगावर काटे असतात, हे तुम्हाला माहीत आहे. काट्यांच्या मधे जागा असते, हे तुम्हाला माहीत नाही. थंडी त्या जागेतून आत शिरते. बरे, घोंगडी पांघरावी, तर पहिल्याच दिवशी तिची चाळणी होते. म्हणून उकंडराव हिवाळाभर कुडकुडे, आणि कुडकुडला की त्याचे सगळे काटे खडखड वाजत. दोन कोसांवरून ऐकू येई. लोक म्हणत, वऱ्हाडात थंडी पडली, उकंडराव वाजला.

त्याला याचा अभिमान होता. आमच्यासारखी थंडी कुठेच नाही, असे तो उन्हाळ्यातसुद्धा सांगे. उन्हाळ्यात तो आमच्यासारखे ऊनही कुठे नाही, असे सांगे. वऱ्हाडातले लोक दोन्ही गोष्टी सांगतात आणि दोन्ही खऱ्या असतात.

पूर्वी पंचाचे काम सोपे होते. सगळ्या भागांतले एकेक जनावर घाटमाथ्यावर एका रांगेत उभे करायचे. जो जास्त कुडकुडेल, त्याच्या भागाला शेकोटी. उकंडरावाचे काटे वाजले की निकाल लागे. सात वर्षे शेकोटी वऱ्हाडातच गेली होती.

आठव्या वर्षी थंडी वाईट पडली. उकंडरावाची आई, म्हातारी भागरथा, बिळातून उठेना. तिचे गुडघे धरले होते. दहा दिवस ती एका कुशीवर होती. काटेसुद्धा वाजत नव्हते तिचे, इतकी ती गारठली होती. उकंडराव निघाला तेव्हा तिने डोळे न उघडताच त्याला सांगितले.

"विस्तव घेऊनच ये, बापा. भाषण घेऊन येजो नको."

तो आठ दिवस चालला आणि घाटमाथ्यावर पोचला.

तिथे कोकणातून तातू आला होता. तातू म्हणजे खाडीतले पाणमांजर. स्वभावाने चांगला. त्याने कानटोपी घातली होती, वर मफलर, मफलरावर आणखी एक मफलर. त्याला पाहून उकंडरावाने विचारले की घरी कोणी आजारी आहे का. तातू म्हणाला, आजारी कोणी नाही, हिवाळा आहे.

घाटमाथ्याकडून अनसूयाबाई शेकरू होती. तिला लिहिता येत होते, म्हणून पंचाचे दप्तर तिच्याकडे असे. आपल्या थंडीचा तिला फार तोरा.

सभा सुरू व्हायला वेळ होता, म्हणून तिघे गप्पा मारत बसले. अनसूयाबाईने सांगितले की त्यांच्याकडे पहाटे गवतावरचे दव पांढरे होऊन बसते, आणि ते बघायला लांबलांबची जनावरे कुटुंबासह येतात. तातूने मान हलवली. त्यांच्याकडे थंडी एवढी पडते, म्हणाला, की झोपताना एक पाय पांघरुणात घ्यावा लागतो. मागच्या वर्षी तर दोन घेतले होते.

मग उकंडरावाने सांगितले की वऱ्हाडात कोंबडा आधी उन्हात बसतो आणि मग आरवतो, त्यामुळे तिकडे पौष महिन्यात पहाट दहा वाजता होते.

"आमची थंडी बघायला पाहुणे येतात," अनसूयाबाई म्हणाली. "तुमची थंडी बघायला कोण येतं, उकंडराव?"

"येते न," उकंडराव म्हणाला. "पन वापस जाऊन सांगाले कोनी उरत नाही."

तातू हसून हसून मफलरात अडकला. त्याला दोघांनी मिळून सोडवले.

मग बळवंतराव गवा आला. त्याने जाहीर केले की यंदा रांगेत उभे राहायचे नाही. कुडकुडणे ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. कोणी खरे कुडकुडतो, कोणी खोटे. यंदापासून थंडी मोजून घेतली जाईल.

कशाने मोजणार, असे तातूने विचारले.

गव्याने घसा साफ केला. तो म्हणाला, त्याच्या आईने त्याला लहानपणी शिकवले आहे. डोक्याला लावायचे तेल बाटलीत गोठले की थंडी पडली. पातळ राहिले तर नाही पडली. तेल खोटे बोलत नाही. तेव्हा प्रत्येकाने आपापल्या भागातून रोजच्या वापरातली तेलाची बाटली आणावी. त्यासाठी त्याने पंधरा दिवस आधी, कारण न सांगता, कावळ्याकडून निरोप धाडलेच होते.

तिघांनी बाटल्या काढल्या आणि सभेपुढच्या कातळावर शेजारी शेजारी ठेवल्या.

तातूची बाटली खोबरेलाची होती. कोकणात दुसरे तेल कोण लावतो? ती पांढरीशुभ्र, दगड झालेली. उलटी केली तरी थेंब नाही. अनसूयाबाई नटवी, तिचे तेल चमेलीचे, वासाचे. ते बाटलीत डुचमळत होते. उकंडरावाचे तेल जवसाचे. वऱ्हाडात जवस पिकतो, तेव्हा तेल जवसाचेच असणार. ते तर बूच काढल्याबरोबर कातळावरून ओघळ धरून चालू लागले.

मुलांनो, खोबरेल तेल जरा गार वारा लागला की गोठते. जवसाचे गोठत नाही. हे तुम्हाला कळते. तातूलाही कळत होते, पण त्याला कोणी विचारले नाही.

गव्याने तिन्ही बाटल्यांकडे पुन्हा एकदा पाहिले. मग निकाल सांगितला. सगळ्यात जास्त थंडी कोकणात. घाटमाथ्यावर नाही. वऱ्हाडात तर मुळीच नाही, उलट तेल ज्या वेगाने वाहते आहे ते पाहता तिकडे उकाडा असावा.

उकंडराव उभा राहिला. तिन्ही बाटल्या एकाच कातळावर आहेत, एकाच वाऱ्यात आहेत, मग तीन थंड्या कशा झाल्या, एवढेच त्याला विचारायचे होते. पण तो उभा राहिला आणि वारा सुटला. त्याचे सगळे काटे एकदम वाजू लागले. त्याचे बोलणे कोणालाच ऐकू गेले नाही.

"उकंडराव, हा आवाज बंद करा," गवा म्हणाला. "सभा चालू आहे."

"आवाज मी करून नाही राहिलो. थंडी करून राहिली."

"तुमचं तेल सांगतंय की थंडी नाही. तुम्ही तेलापेक्षा शहाणे का?"

अनसूयाबाईने दप्तरात निकाल लिहून घेतला. तिचाही भाग हरला होता, पण लिहिणाऱ्याला रडायला वेळ नसतो.

उकंडराव कातळाच्या आडोशाला जाऊन बसला. रिकाम्या हाताने वऱ्हाडात कसे जायचे, हे त्याला समजत नव्हते. आईने विस्तव सांगितला होता. त्याच्याजवळ निम्मी बाटली जवसाचे तेल होते.

तातू त्याच्याजवळ आला. त्याचे तोंड उतरले होते.

"माका शेकोटी नको हुती रे," तो म्हणाला. "पण दिलीच हा, तर पावण्या, तू खाली चल. चार दिवस अंग शेकून घे."

दोघे एका दिवसात घाट उतरले. जसजसे खाली येत गेले, तसतसा तातू एकेक मफलर घट्ट करत गेला आणि उकंडरावाचा एकेक काटा गप्प होत गेला.

खाडीकाठी शेकोटी पेटली. परवानगी मिळालेली, तेव्हा पेटवणे भाग होते. पण तिच्याजवळ कोणी बसेना. जवळ गेले की घाम येई. खेकडे लांबूनच पाहून परत जात. मग एका म्हाताऱ्या बगळ्याने आपली खोबरेलाची बाटली आणून विस्तवाशेजारी ठेवली. तेल वितळले. ते पाहून दुसरा आला, तिसरा आला. दोन दिवसांत रांग लागली. सबंध जंगलातला एकुलता एक विस्तव सकाळपासून दुपारपर्यंत डोक्याला लावायचे तेल पातळ करत होता, आणि ज्यांचे तेल पातळ करायचे ते सावलीत बसून केळीच्या पानाने वारा घेत होते.

उकंडराव मात्र विस्तवाच्या अगदी पुढ्यात बसला होता. कितीतरी दिवसांनी त्याचे अंग स्वस्थ झाले होते. त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने तातूला सांगितले की आई दहा दिवस एका कुशीवर होती आणि आता एकवीस दिवस झाले असतील. त्याने गाडगेभर निखारे मागितले.

तातू लगेच उठला. पण परवानगीच्या कागदावर अट होती. हा विस्तव थंडी असलेल्या दुसऱ्या कोणत्याही भागात नेता येणार नाही. न्यायचा तर राजाची वेगळी परवानगी, आणि ती पुढच्या हिवाळ्यात.

तातू तो कागद घेऊन दोन दिवस विचार करत राहिला. खाडीकाठच्या जनावराला विचार करायला पाणी लागते, म्हणून तो पाण्यात उताणा पडून विचार करत होता. तिसऱ्या दिवशी तो बाहेर आला आणि अंग न पुसताच उकंडरावाकडे गेला.

"थंडी आसा थंय नेऊक बंदी. थंडी नाय थंय नेऊक बंदी खंय आसा?"

खरेच नव्हती. जिथे थंडी नाही तिथे विस्तव कोणी नेत नाही, म्हणून त्यावर नियम करायचे राहूनच गेले होते. उकंडरावाने एवढेच लिहून द्यायचे की वऱ्हाडात थंडी नाही. मग गाडगेभर काय, टोपलीभर निखारे न्यावेत.

उकंडराव विस्तवापासून उठला आणि लांब, पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

मुलांनो, तुम्हाला वाटेल, त्यात काय आहे. एक ओळ लिहायची. पण ज्याचा बाप त्या थंडीत वाजत मेला, आजा वाजत मेला, ज्याच्या कुडकुडण्यावरून लोक हिवाळा ओळखतात, त्याने हे लिहून द्यायचे. त्याच्याजवळ दुसरे होते काय? शेत नव्हते, झाड नव्हते. थंडी तेवढी होती.

तो दुपारपर्यंत तिथे उभा होता. मग परत आला आणि म्हणाला, बोलवा पंचाला.

गवा पाहणी करायला खाली आलेलाच होता. बरोबर दप्तर घेऊन अनसूयाबाई होती. तिची लेखणी घाटात कुठे पडली होती. मग तिने उकंडरावाच्याच पाठीचा एक काटा मागून घेतला. तो उपटताना उकंडरावाने तोंडातून आवाज काढला नाही. अनसूयाबाईने काट्याचे टोक शाईत बुडवले. लिहिता लिहिता तिने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली.

गवा म्हणाला, लिहिलेले पुरेसे नाही, तोंडाने सांगावे लागेल.

उकंडरावाने दोनदा तोंड उघडले आणि मिटले. तिसऱ्यांदा बोलला.

"वऱ्हाडात थंडी नाही."

गव्याने कान टवकारले. काटे वाजत नव्हते. कसे वाजणार? पुढ्यात विस्तव होता आणि भोवती कोकण होते. पण गव्याने मान डोलावली आणि लिहून घ्यायला लावले की जबानी देताना काटे शांत होते, सबब जबानी खरी. घाटमाथ्यावर काटे वाजले तेव्हा तो पुरावा धरला गेला नव्हता. इथे वाजले नाहीत, तर धरला गेला.

तातूने गाडग्यात भाताचा तूस घातला, वर निखारे, वर राख. वाटेत घालायला गोवऱ्या दिल्या. आणि उकंडराव काढू नको म्हणत असताना आपला एक मफलर काढून त्याच्या गळ्यात घातला. गळ्याला काटे कमी, म्हणून तो टिकला.

उकंडराव नऊ दिवस चालला. विस्तव विझू दिला नाही. बिळाच्या तोंडाशी त्याने गाडगे उपडे केले, काटक्या घातल्या, फुंकले. जाळ झाला. मग त्याने म्हातारीला ओढत आणून जाळापाशी निजवले आणि आपण शेजारी बसला.

पहिल्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारीचे काटे बारीक वाजू लागले. उकंडराव इतका खूश आयुष्यात कधी झाला नव्हता. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले आणि विस्तव कसा मिळाला, ते विचारले.

त्याने सगळे सांगितले. बाटल्या, तातू, कागद. शेवटची गोष्ट त्याने खाली बघून सांगितली.

म्हातारीने एक गुडघा हलवला. मग दुसरा. चोवीस आणि बारा असे छत्तीस दिवसांनी ती आपल्या पायांवर उभी राहिली. तिने जाळातले एक लाकूड उचलले, त्याचे पेटते टोक मातीत विझवले आणि त्याने उकंडरावाला बडवायला सुरुवात केली.

"थंडी नाही म्हने," ती म्हणत होती. "माह्या सासऱ्याची थंडी. नाही म्हने."

तो पुढे आणि ती मागे, अशा त्यांनी शेताच्या बांधापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. तिचे गुडघे कुठेही अडले नाहीत.

दमल्यावर दोघे परत जाळापाशी येऊन बसले. आजूबाजूची जनावरे जमली. ससे आले, रोही म्हणजे नीलगाई आल्या, कोंबडाही आला. सगळ्यांनी हात शेकले. कोणी पाहुणा वाटेने जाताना थंडी कशी आहे असे विचारू लागला, तर सगळे एका सुरात सांगत, थंडी कुठे आहे? आणि जाळाकडे आणखी थोडे सरकत. कारण थंडी आहे म्हटले असते, तर विस्तव विझवावा लागला असता.

गव्याचा अहवाल राजाकडे गेला. राजाने तो वाचला आणि तो हळहळला. ऐन पौषात वऱ्हाडात उकाडा. त्याने ताबडतोब शिंदीच्या पानांचे पाचशे पंखे वऱ्हाडात पाठवले.

शिंदीची पाने चांगली वाळलेली होती. शेकोटी होळीपर्यंत पुरली.

तात्पर्य: थंडी वाजत असेल तर कुडकुडू नये, थंडी नाही असे लिहून द्यावे, ऊब मिळते. खरेच बोलायचे असेल, तर आधी डोक्याचे तेल बदलावे.