अठराशे ऐंशीची कॅटेगरी

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीचे आयटी इंजिनिअर रवींद्र यांचं ग्रीन कार्ड त्यांच्या हयातीत येईल, असा दावा कोणीही केलेला नव्हता. त्यांच्या वकिलानेसुद्धा नाही. अशा मनःस्थितीत ते रविवारी पत्नी नीलांबरी आणि मुलगी केया यांना घेऊन पहिल्या वसाहतकारांचं जुनं गाव पाहायला गेले. गाव जसंच्या तसं जतन केलेलं होतं. तिथल्या कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत अठराशे ऐंशी सालाबाहेर पडायची सक्त मनाई होती.

जमीनवाटपाच्या लाकडी कचेरीतला मिशाळ कारकून म्हणाला, “पाच वर्षं इथे राहा, जमीन कसा. मग ती तुमची.”

“कॅटेगरी कोणती?” रवींद्रांनी विचारलं.

“कॅटेगरी म्हणजे?”

“इंडियन्सची वेगळी लाइन असेल ना?”

“लाइन कसली? तुम्ही पहिलेच.”

रवींद्रांच्या डोळ्यांत पाणी आलं. “नीलू, डेट करंट आहे! आपला नंबर लागला!” असं ओरडत त्यांनी भर कचेरीत गिरकी घेतली.

“डॅड, इट्स जस्ट प्रिटेंड,” केया म्हणाली. मग कारकुनाकडे वळली. “हू लिव्ह्ड हिअर बिफोर?”

“जमीन रिकामी होती,” कारकून आढ्याकडे बघत म्हणाला.

रवींद्र ओंडक्यांच्या घरात शिरले ते बाहेर येईनात. वास्तव्य अखंड हवं ना! गाव बंद करायच्या वेळी व्यवस्थापक आले, पण तेही शेरीफच्या वेशात. वेशात असताना आजचं काही बोलायचं नाही, हा नियम त्यांनीच केलेला. आणि अठराशे ऐंशीच्या हिशेबाने रवींद्रांचा दावा बिनतोड होता. शेरीफनी हॅट काढून अभिनंदन केलं.

“पाच वर्षं? इथे साधा कुकर नाही!” नीलांबरींनी कपाळाला हात लावला. पण जमीन कसायची अट होती, म्हणून गाडीतल्या किराण्यातले मेथीदाणे त्यांनी अंगणात पेरून टाकले.

पुढच्या रविवारी मेथी उगवली, आणि रवींद्रांच्या ऑफिसातला ऋषी धापा टाकत फाटकाशी आला.

“यार, मलाही क्लेम टाकायचाय!”

रवींद्रांनी आतून कडी घातली. “अरे, असे सगळेच घुसले तर गावाचं कल्चर राहील का?”

“तू गेल्या आठवड्यात आलास!”

“हो, पण आम्ही प्रॉपर प्रोसेसने आलो.”

ऋषीला हा मुद्दा इतका पटला की त्याने बाहेरून फाटक घट्ट ओढून धरलं. त्याच्या मागे रांगेत आपण सगळे उभे आहोत. थोडी गैरसोय होतेय खरी, पण मुद्दा आपल्यालाही पटलाय.