एचडीची आवक

सावरपिंप्रीत एचडी आलेलं नव्हतं. जळगाव जामोदला ते येऊन जुनं झालं होतं. नांदुऱ्याला तर स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीतसुद्धा आलं होतं. पण सातपुड्याच्या पायथ्याशी, एसटी जिथून तोंड फिरवून परत जाते तिथे, ते अजून यायचं होतं आणि वामनराव त्याची वाट पाहत होते.

वाट पाहण्याचा वामनरावांना अनुभव होता. बाजार समितीत त्यांनी एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली होती. फाटकात कापसाच्या शंभर गाड्या उभ्या असोत, वहीत नोंद होईपर्यंत कापूस आलेला नसतो, हे त्या नोकरीनं त्यांच्या हाडात मुरवलं होतं. थोरला भागवत जन्मला तेव्हा दाखला हाती पडेपर्यंत बावीस दिवस त्यांनी त्याला मांडीवर घेतलं नव्हतं. घेतलं ते दाखल्यावरचं नाव नीट वाचून.

याच भागवतनं नांदुऱ्याहून त्रेचाळीस इंची टीव्ही आणला. कोपऱ्यात 'एचडी' असं सोनेरी लेबल होतं आणि पडद्यावर प्लास्टिकची निळसर, दुधी पन्नी होती. वामनरावांच्या घरात पन्नी काढायची पद्धत नव्हती. सोफा सहा वर्षं पन्नीत होता. पाहुणा हलला की कुरकुर करी. रिमोट पन्नीत, मोटारसायकलची सीट पन्नीत. भिंतीवरच्या घड्याळाची पन्नी पिवळी पडल्यामुळे घरात वेळ अंदाजानं सांगत.

सून वंदना पहिल्याच दिवशी म्हणाली, "मामाजी, पडद्यावरची पन्नी काढा न. धुक्यात बसल्यावानी दिसून राह्यलं."

"एचडी आलं का?"

"पन्नी काढल्याशिवाय कसं कळन?"

"आधी येऊ दे. आता काढली अन् ते आलंच नाई, त काढेल पन्नी मांगं कोन लावन?"

काढलेली पन्नी कोणी परत लावत नाही, हे खरंच होतं.

॰

वर्षभर कोणाचं काही अडलं नाही. मग अर्पिताचा फोन आला.

अर्पिता म्हणजे वंदनाची मुलगी. वय सतरा, खेळ खो-खो. दोन वर्षांपासून ती लांबच्या एका खेळाडू वसतिगृहात होती आणि गेल्या आखाजीच्या सणापासून घरी आली नव्हती.

"आजी, आमचे सामने टीव्हीवर दाखवून राह्यले! चौदा तारखेले सेमीफायनल हाय. एचडीत!"

मनकर्णाबाई फोन बंद करून पाण्याच्या टाकीवरून उतरल्या आणि घरी येऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "अवो, मले तिचं तोंड पाहाचं हाय. धुकं नाई पाहाचं."

"मोबाईलवर पाह्य."

"त्याच्यात नखाएवढी दिसते ते. अन् टाकीवर चढल्याबिगर लागते का तुमचा मोबाईल?"

वामनरावांनी चष्मा पुसला, कोरा ताव घेतला, डावीकडे समास सोडला.

॰

अर्ज

प्रति,
मा. प्रमुख, जिल्हा दृश्यस्पष्टता कक्ष.

विषय : मौजे सावरपिंप्री येथे एचडी न आल्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर गावी एचडी आलेले नाही. तरी ते दिनांक १४ पूर्वी पाठविण्याची कृपा व्हावी.

उत्तर

अभिलेखानुसार आपल्या गावी एचडी अकरा महिन्यांपूर्वीच पोहोचले आहे. आपणांस ते मिळाले नसल्यास, न मिळाल्याची पोच जोडावी.

॰

उत्तराला जावक क्रमांक होता, त्यामुळे वामनराव दिवसभर आनंदात होते. वंदना मात्र पत्र वाचून म्हणाली, "पाहा, आलं हाय म्हनते कक्ष. काढू का पन्नी?"

"त्यायच्या वहीत जावक हाय. आपल्या वहीत आवक कुठं हाय? मधात कुठं तरी अडकलं अशीन."

न मिळाल्याची पोच जोडली गेली. पाचव्या दिवशी निरीक्षक किसनराव आले. ते सोफ्यावर बसले, सोफा कुरकुरला, त्यांनी चहा घेतला आणि टीव्ही लावायला सांगितला. पडद्यावर कोणीतरी बातम्या देत होतं. बाई होती की बाप्या, यावर घरात दोन मतं पडली.

"चित्र त हाय," किसनराव म्हणाले.

"हाय न. पन स्पष्ट हाय का सायेब?"

किसनरावांनी मान वाकडी करून पाहिलं, उठून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. "स्पष्ट नाई. हे मी नाकारत नाई."

"सायेब, त्याच्यावर पन्नी हाय," स्वयंपाकघराच्या दारातून वंदना म्हणाली.

"बाई, आमच्या तक्त्यात पन्नीचा रकाना नाई," किसनराव सौम्यपणे म्हणाले आणि लिहायला बसले.

पाहणी अहवाल

चित्र : आहे.
आवाज : आहे.
स्पष्टता : शोध घेतला, आढळली नाही.
संभाव्य कारणे : (अ) प्रक्षेपण. (ब) प्रेक्षक.
अभिप्राय : (अ) हे शासकीय असल्याने निर्दोष. सबब (ब) ची तपासणी व्हावी.

॰

(ब) ची तपासणी मारुतीच्या पारावर झाली. शिबिराला मंडप होता. एकशे चार गावकऱ्यांचे डोळे तपासून अठ्ठ्याऐंशी जणांना चष्मे देण्यात आले. उरलेल्या सोळांना सगळं व्यवस्थित दिसत असल्याचं आढळल्यानं त्यांना पुन्हा बोलावण्यात आलं.

संध्याकाळी निम्मं गाव नवे चष्मे लावून वामनरावांच्या ओसरीत जमलं. टीव्ही लागला. फरक लगेच जाणवला. पूर्वी नुसतं धुकं दिसायचं; आता पन्नीतले हवेचे फुगे, त्यांत अडकलेली एक मुंगी आणि भागवतच्या अंगठ्याचा ठसा, हे सगळं लख्ख दिसू लागलं.

"सुधारना हाय," सरपंच नारायणराव म्हणाले.

"चष्म्यानं मुंगी दिसली," मनकर्णाबाई म्हणाल्या. "माही नात कधी दिसन?"

हे ऐकून वामनराव पहिल्यांदा अस्वस्थ झाले. सामन्याला सहा दिवस उरले होते. त्यांनी 'अतितातडीचे' असा शेरा मारून दुसरा अर्ज पाठवला. त्यावर कक्षानं खरोखरच तातडी केली. वामनरावांचा टीव्ही 'तालुक्याचा नमुना संच' म्हणून घोषित झाला. नमुन्यात कोणी फेरफार करू नये म्हणून किसनराव येऊन पन्नीच्या चारही कोपऱ्यांवर लाखेचं सील ठोकून गेले.

"म्हंजे आता पन्नी काढाचीच नाई?" वंदनानं विचारलं.

"एचडी आल्याचं घोषित झालं की काढता येते," किसनराव म्हणाले.

"अन् घोषित कवा होते?"

"नमुना संचावर स्पष्ट दिसलं, की लगेच."

वामनरावांनी मान डोलावली. एवढी बिनचूक पद्धत त्यांनी बाजार समितीतही पाहिली नव्हती. रात्री मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

॰

चौदा तारीख. सकाळचे अकरा, अंदाजे.

ओसरी भरली होती. सीलवर लक्ष ठेवायला किसनराव जातीनं हजर होते. पडद्यावर दुधात बुडालेल्या नऊ पिवळ्या आकृत्या आणि तीन निळ्या आकृत्या हलत होत्या.

"निळी आपली," भागवत म्हणाला.

"निळ्यात कोनती?"

"ते... तिकडची. नाई, ते गेली. हे पाह्य."

"हे त पंच हाय बे!" नारायणराव म्हणाले.

समालोचक ओरडला, "आणि आता संरक्षणाला येते आहे सावरपिंप्रीची अर्पिता!" ओसरीत टाळ्या पडल्या. मनकर्णाबाई उठल्या, पडद्यापाशी गेल्या आणि त्यांनी दुधी डागांवरून हात फिरवला. एका डागावर थांबल्या. तो डाग सरकला. त्या वळल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उलथनं घेऊन आल्या.

"बाई, सील हाय!" किसनराव ताडकन उठले. "शासनाचं हाय ते!"

"सील शासनाचं अशीन. नात माही हाय."

उलथनं लाखेखाली गेलं. वामनरावांनी तोंड उघडलं. त्यांना 'विनापरवाना' हा शब्द म्हणायचा होता, पण समोर बायको होती आणि अर्पिताला जेमतेम दोन-तीन मिनिटं खेळायचं होतं. त्यांनी तोंड मिटलं. चर्रर्र करत पन्नी वरपासून खालपर्यंत सुटली.

ओसरीतले सगळे पुढे सरकले.

अर्पिताच्या कपाळावरचा घाम दिसत होता. लहानपणी बैलगाडीवरून पडली होती, तो भुवईवरचा व्रण दिसत होता. ती खांबाला वळसा घालताना दात आवळत होती. मनकर्णाबाई तिथेच खाली बसल्या. "वाळली हाय," त्या म्हणाल्या. "पाह्य वं वंदना, कशी वाळली."

वंदनाचे डोळे अर्पिताच्या पायांवर होते.

उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला होता. त्याला सुतळीचे तीन वेढे दिले होते आणि फटीतून अंगठा बाहेर आला होता. दीड मिनिट ती त्या बुटात पळाली, दोघींना झुकवलं. मग वळताना सुतळी सुटली, तिच्यावरच तिचा पाय पडला आणि पिवळ्या मुलीनं तिला बाद केलं. अर्पिता उठली, खाली वाकली, सुतळी पुन्हा बांधली आणि मैदानाबाहेर गेली.

"जरासा तोल गेला," समालोचक म्हणाला. वाहिनीनं तो तोल तीन वेळा, संथ गतीनं, जवळून दाखवला.

किसनरावांनी पंचनामा लिहिला: 'अकरा वाजून काही मिनिटांनी चित्र आपोआप स्पष्ट झाले. कारण अज्ञात.' सही करून ते पुढच्या गावी गेले.

॰

संध्याकाळी वामनराव फोन लावायला पाण्याच्या टाकीवर चढले. वय एकाहत्तर.

"आबा! दिसली का मी?"

"दिसली. बूट काऊन तसा हाय तुहा?"

"तुमाले दिसला?"

"अंगठा दिसला."

"चार सामने झाले आबा त्याच्यातच. सगळे टीव्हीवर होते. कोनी काई म्हनलंच नाई, त मले वाटलं दिसत नसन."

"मी उद्या नवे घेऊन येतो."

"बाहेरचे चालत नाई. विभागाचा शिक्का लागते, नाई त मैदानात घेत नाई. अन् सतरा दिवसांनी निवड चाचनी हाय."

वामनराव टाकीवर बसून राहिले. बुटाची कुठेच नोंद नव्हती आणि तरी तो फाटलेला होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत असं काही त्यांच्यापुढे आलं नव्हतं. त्यांनी दोन्ही डोळ्यांनी पाहिलेलं होतं. एवढ्यावर अर्ज करता येतो का, याचाही त्यांनी विचार केला. मग घरी येऊन त्यांनी अर्ज केला. या वेळी समास सोडायचं राहून गेलं.

खेळाडू साहित्य विभागाचं उत्तर आठवड्यात आलं.

उत्तर

१. सदर सामना राज्यातील दोन लाख अकरा हजार घरांत एचडीमध्ये स्पष्ट दिसला. पैकी दोन लाख दहा हजार नऊशे नव्याण्णव घरांतून बूट फाटल्याची तक्रार नाही.

२. ज्या एका घरातून तक्रार आली, त्या घरात सामन्याच्या दिवसापर्यंत एचडी नव्हते. सबब, अर्जदारास स्पष्ट पाहण्याची सवय नसल्याने त्यांना नको ते दिसले असावे. सवयीने हा त्रास कमी होतो.

३. तथापि, न्यायाच्या दृष्टीने उर्वरित सर्व घरांना विवरणपत्र पाठविण्यात येत आहे. एका जरी घरातून 'दिसले' असे लेखी आल्यास खेळाडूस नवा जोड त्याच दिवशी देण्यात येईल.

वामनरावांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"एकच पायजे?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"एकच."

"दोन लाखातून?"

"हाव."

"मंग येईनच की," त्या म्हणाल्या आणि पोळ्या टाकायला गेल्या.

निवड चाचणीला दहा दिवस आहेत. वामनराव रोज दुपारी फाट्यावर जाऊन पोस्टमनची वाट पाहतात. विवरणपत्रं गेल्या सोमवारी सगळ्यांना रवाना झाली. आपल्याला मिळालं नसल्यास प्रत सोबत देत आहोत.

विवरणपत्र

(फक्त एचडीधारकांसाठी)

नाव : ..............................

आपल्या घरी चित्र स्पष्ट दिसते काय? होय / नाही

सामना चालू असताना आपण वाहिनी बदललीत काय? होय / नाही

बदलण्यापूर्वी आपणांस काही दिसले काय? ..............................

सही : ..............................

टीप : विवरणपत्र नऊ दिवसांत परत न आल्यास, आपणांस काहीही दिसले नाही असे समजून प्रकरण आपल्या संमतीने बंद करण्यात येईल.