मधला आकडा

ताईच्या गाठीतल्या पेशींवर रिसेप्टर आहेत की नाहीत, एवढंच ठरायचं होतं. नवं औषध किल्लीसारखं. पेशीला रिसेप्टरचं कुलूप असेल तर चालणार, नसेल तर नुसतं खुळखुळणार. प्रयोगशाळेनं आकडा तीन दिला तर औषध सुरू, एक दिला तर नाही. दोन म्हणजे संशय, पुन्हा तपासणी.

गाठीचा पातळ काप लावलेली काचपट्टी दोन डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली वाचत. थोरल्यांना तीन दिसले, धाकट्यांना एक. पूर्वी अशा वेळी दोघं भांडत आणि कुणीतरी एक बरोबर ठरे. त्यानं विभागाची शांतता बिघडते, म्हणून प्रमुखांनी परिपत्रक काढलं होतं: मतभेद झाल्यास सरासरी घ्यावी. ताईचा आकडा दोन आला.

"दोन दिसले कुणाला?" ताईच्या भावानं विचारलं.

"कुणालाच नाही," काचपट्ट्या रंगवणाऱ्या बाई म्हणाल्या. "पण सही दोघांची आहे, दादा."

नियमानुसार मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या गाठीचा आणखी एक काप निघाला. या खेपेस धाकट्यांनी वडीलकीचा मान राखून तीन दिले, आणि थोरल्यांनी मोठं मन करून एक. सरासरी पुन्हा दोन. निष्कर्षातल्या सातत्याबद्दल प्रमुखांनी दोघांचं लेखी कौतुक केलं.

असे पाच काप गेले. सहाव्या वेळी ठोकळ्यात मेणच उरलं. अहवालात नोंद झाली: नमुना सहकार्य करीत नाही, रुग्णानं नवा तुकडा द्यावा.

भावानं घरी येऊन चाचरत सांगितलं. ताई शांतपणे म्हणाली, "घ्या म्हणावं हवा तेवढा. गाठ आता दुप्पट झालीय, त्यांना कमी पडायचं नाही रे."

दुसऱ्या दिवशी तो तावातावानं प्रमुखांपुढे उभा राहिला. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि अभिप्रायाचा कागद पुढे केला. आमची सेवा कशी वाटली? एक वाईट, दोन ठीक, तीन उत्तम. त्यानं एकावर पेन टेकवलंही. मग आठवलं, ताईचा नवा तुकडा याच दारानं आत जायचाय. पेन जरासं सरकलं. दोनभोवती गोल झाला.

प्रमुखांनी कागद गठ्ठ्यावर ठेवला. गठ्ठा छातीएवढा होता आणि प्रत्येक कागदावर दोनभोवतीच गोल. तुम्हीही जरा चाळून बघा, एखादा गोल ओळखीचा वाटेल.