राखीव सेंटर

आप्पा माणसाचं नाव नंतर विचारतात. आधी चपलेचा नंबर.

मला ते पहिल्यांदा भेटले दौंडच्या फलाटावर. मी बहिणीला डेमू गाडीत बसवून द्यायला आलो होतो. सत्तरीचा एक गृहस्थ जवळ आला आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "नंबर काय?"

त्यांची चप्पल चोरीला गेली असावी आणि संशय माझ्यावर असावा, असं मला वाटलं. घाबरत म्हणालो, "बारा."

"बारा!" आप्पांनी समाधानानं डोळे मिटले. "बास्केटबॉल खेळलाय का कवा?"

खेळलो होतो, पण कॉलेजात. आता वय चौतीस, आणि नोकरी कारेगावातल्या कारखान्यात, पॅकिंगला.

आप्पा आमच्या भागातल्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे मॅनेजर. लीगमधला सगळ्यात गरीब संघ. बास्केटखाली उभा राहणारा उंच गडी म्हणजे सेंटर. तो त्यांच्याकडे एकच, आणि त्याचा गुडघा सुजलेला. जोडीला राखीव सेंटर हवा होता. "बाहेरची उंच माणसं फुटावर भाव लावत्यात," आप्पा म्हणाले. "आपल्याला तालुक्यातलाच परवडतोय."

त्यासाठी त्यांनी दोन महिने शिरूर-दौंड पालथं घातलं होतं. ओळख नसलेल्या लग्नांना ते जात. एका मांडवात गर्दीच्या वर हातभर निघालेलं डोकं त्यांना दिसलं. अक्षता टाकत, माणसं ढकलत पोचले, तर तो नवरदेवाचा मित्र, खुर्चीवर उभा! इनामगावात ज्वारीच्या वर कंबरेपर्यंत दिसणारा माणूस ट्रॉलीत उभा निघाला. "तवापासून आधी पाय बघतो," ते सांगत. "उंची तिथनं सुरू हुती."

मला त्यांनी संघात घेतलं. सरावाला धापा टाकत मी म्हणायचो, "आप्पा, होत नाही." ते म्हणायचे, "न्हाई कसं? तू नुसता हात वर करून उभा ऱ्हा. बाकीचं देव बघंल." चौतिसाव्या वर्षी मला पुन्हा कुणीतरी खेळाडू म्हणत होतं. चार सामने मी खेळलोसुद्धा. आणि खरं सांगतो, वाईट खेळलो नाही.

मग आमच्या सेंटरचा गुडघा बरा झाला. पुढचा सामना पुण्याला होता. बायकोनं शेजारीपाजारी सांगून ठेवलेलं, आज हे खेळणार. तो सेंटर सामनाभर जबरदस्त खेळला, आम्ही जिंकलो, आणि मी एक मिनिटही मैदानात गेलो नाही. परत येताना आप्पा दौंडला न जाता माझ्याबरोबर कारेगावला आले.

बायकोनं पाणी दिलं आणि हसून विचारलं, "कसे खेळले हे?"

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"हे बाकावर बसले हुते, वहिनी," आप्पा म्हणाले. "मागं हे हायेत म्हणून तो पोरगा गुडघ्याची भीती सोडून खेळला. न्हाईतर हरलो असतो."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मग पोह्यांची मोठी ताटली तिनं माझ्यापुढं ठेवली.

त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेलो. विचारलं, "आप्पा, एवढ्यासाठी आलात?"

आप्पा म्हणाले, "मी बी राखीवच हुतो. रेल्वेच्या टीममधी, सात वरीस. न खेळता घरी जायची लाज वाटायची. मग नळाखाली जर्सी भिजवून न्यायचो. घाम दिसावा म्हणून."

"घरी कळलं नाही कधी?"

"आई धुवायची जर्सी. वासावरनं तिला कळतच असणार. पण रोज विचारायची, दमलास का रं?" आप्पा हसले. "ती गेल्यावर कुणी विचारलंच न्हाई."

एसटी आली. मी त्यांच्या पाया पडलो. माझ्याएवढ्या माणसाला वाकायला वेळ लागतो. तेवढा वेळ ड्रायव्हर थांबला.