आधी कोण ओरडलं?

एका जंगलात, म्हणजे बाळांनो, कुठल्याही जंगलात धरा, एक तळं होतं. तळं सर्वांचं आहे, असं सिंहाने जाहीर केलं होतं. फक्त पाणी प्यायचं ते त्याच्या क्लबच्या सभासदांनी. सभासद व्हायला सुळे लागत.

मग गवत आणि पाला खाणाऱ्यांनी काय करावं? ते एकेकटे चोरून यायचे आणि एकेकटे मारले जायचे. शेवटी एका उन्हाळ्यात ते एकत्र आले. वानरं चिंचेवर बसली, हरणं काठावर उभी राहिली, लांडोरी झुडपांवर चढल्या. ज्याला बिबट्या आधी दिसेल त्याने ओरडायचं, बाकीच्यांनी पळायचं. एवढाच नियम. त्याने पुष्कळ जीव वाचले. खरंच वाचले, यात थट्टा नाही.

पण जीव वाचला की हाताशी वेळ उरतो. वानरांनी बंधुमंडळ काढलं आणि कानामागे पळसाचं फूल खोचलं. हरणांनी सभा काढली आणि कपाळाला गेरू फासला. लांडोरींनी भगिनी समाज काढला आणि डोक्यावर गवताचा तुरा खोचला. प्रत्येकाची गुप्त खूण निराळी, नाचाची पावलं निराळी. दुसऱ्याचं पाऊल कुणी चुकून टाकलं तर महिनाभर अबोला.

मग प्रश्न आला, सर्वांत जुनं मंडळ कोणतं? कारण आता नियम असा होता की जुन्या मंडळाने आधी ओरडायचं. नव्यांनी नंतर.

त्या वर्षी चंद्रावळ नावाची तरुण लांडोर समाजात नवीनच आली होती. दिवसभर एका पायावर उभं राहून, थोरल्या लांडोरींचे टोमणे खाऊन तिने प्रवेश मिळवला होता. त्याचा तिला फार अभिमान होता. ती पहाऱ्याला बसली असताना खाली तिची मैत्रीण ठिपकी पाणी पीत होती. ठिपकी हरिणी होती आणि तिला दिवस गेले होते.

तेवढ्यात गवत हललं. चंद्रावळला बिबट्या दिसला.

ती धावत समाजाच्या अध्यक्ष तुरेअक्कांकडे गेली. "अक्का, बिबट्या आलाय."

"दिसतोय की मला. पण अगं, आपला मान तिसरा. कल्पना मूळची आपलीच होती, पण तेव्हा बायकांना सभेत बोलू दिलं नाही. जा, दादांना विचार."

वानरांचे अध्यक्ष दादा शेपटे शेंगा सोलत होते. "ओरडतो की. फक्त आप्पांना आधी कबूल करायला सांग, की आमचं मंडळ पहिलं."

हरणांचे अध्यक्ष आप्पा शिंगाडे गेरू लावत होते. "पोरी, त्यांचं मंडळ निघालं तेव्हा त्यांना शाखा होती का एक तरी? चिंचेची सोडून? आधी त्यांनी माघार घ्यावी."

बिबट्या ठिपकीच्या अगदी मागे आला होता. मान, क्रम, एका पायावर काढलेला तो दिवस, सगळं ती विसरली आणि गळा फाटेपर्यंत ओरडली. सगळे पळाले. आप्पाही पळाले, आणि सर्वांच्या पुढे.

दुसऱ्या दिवशी तिन्ही मंडळांची संयुक्त सभा भरली. किती वर्षांनी भरली होती. चंद्रावळवर आरोप होता, ज्येष्ठांच्या आधी ओरडल्याचा.

"पण तिच्यामुळे मी जगले," ठिपकी म्हणाली.

"जगणं हा वेगळा विषय आहे," आप्पा म्हणाले. "इथे शिस्तीचं चाललंय."

चंद्रावळचा तुरा उतरवला. तिचं ओरडणं यापुढे ओरडणं धरू नये, असा ठराव झाला. ठरावाला ठिपकीनेही खूर वर केला. आपल्याच सभेविरुद्ध कसं जायचं, असं तिला वाटलं. चंद्रावळने ते पाहिलं आणि तिला फार लागलं.

थोड्या दिवसांनी बिबट्या पुन्हा आला. चंद्रावळ गप्प बसू शकली असती. पण ती ओरडली. ठरावाप्रमाणे कुणी मान वर केली नाही. पळाली ती एकटी ठिपकी.

बिबट्याने आप्पांना नेलं.

शोकसभेत दादा शेपट्यांना हुंदका आवरेना. "गेले. खाल्लं जाण्यातही त्यांनी आमचा नंबर ओलांडला."

त्याच सभेत ठिपकीलाही काढून टाकलं. बंदी घातलेलं ओरडणं तिने ऐकलं होतं ना!

दोघी डोंगरापलीकडच्या एका डबक्यावर राहायला गेल्या. एक झाडावर, एक खाली. ठिपकीने माफी मागितली, चंद्रावळने ती दिली, आणि दोघी पोटभर रडल्या. पाडस झालं. मग ससे आले, भेकरं आली. ओरडायचं, पळायचं, कुणाला काही विचारायचं नाही. पुन्हा पुष्कळ जीव वाचू लागले.

एका संध्याकाळी पाणी पिऊन झाल्यावर चंद्रावळ सहज म्हणाली, "एक मात्र सगळ्यांना सांगायला हवं हं, ठिपके. आधी मी ओरडले."

ठिपकीने पाडसाला चाटणं थांबवलं.

"हो," ती म्हणाली. "पण ते ओरडणं आहे, असं आधी मी धरलं."

दुसऱ्या दिवशी चंद्रावळ पळसाची फुलं शोधायला गेली आणि ठिपकी गेरू.

तात्पर्य : संकटात सर्वांनी एकत्र यावे. म्हणजे संकट टळल्यावर, आधी कोण आले होते, यावर भांडायला माणसे कमी पडत नाहीत.