एडिटर निवड समिती आणि साळूची एक ओळ

एका जंगलात, बाळांनो, सगळे काही होते. साग होते, बांबू होता, सिंहमहाराज होते आणि महाराजांचे संगणक खातेही होते. हसू नका. तुमच्या जंगलात नाही म्हणून दुसऱ्याच्या जंगलात असू नये की काय?

पाणवठा मात्र एकच होता. उन्हाळा आला की बाकीची डबकी आटत आणि सगळे त्या एका डोहावर येत. कोणी कधी यायचे हे सांगायला पूर्वी एक टिटवी होती. ती काठावर बसून बारी पुकारायची. "भेकरांनो, चला! डुकरांनो, थांबा! बिबटेराव, अजून दिवस मावळायचाय!" सगळे मुकाट्याने ऐकत, कारण टिटवीचे ओरडणे ऐकून न ऐकल्यासारखे करणे कोणालाच जमत नसे. पुढे तिला पलीकडच्या धरणावर बरी नोकरी मिळाली आणि ती उडून गेली.

महाराज म्हणाले, "उत्तम झालं. आता बारी संगणकावर घेऊ. उन्हाळ्याच्या आत सुरू झाली पाहिजे."

हे काम साळूकडे आले. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पण स्वभावाने इतकी भित्री, की वरिष्ठांसमोर उभी राहताना काटे आवळून धरायची. संगणक खात्यात बसणारे पुष्कळ होते, प्रोग्रॅम लिहिणारी ही एकच. आणि तिची नोकरी अजून कायम व्हायची होती, हे लक्षात ठेवा.

प्रोग्रॅम लिहायला एडिटर लागतो. एडिटर म्हणजे काय? तुम्ही गृहपाठ वहीत लिहिता ना, तसे प्रोग्रॅम लिहिणारे एडिटरमध्ये लिहितात. वही भारी असली की गृहपाठ आपोआप होतो, असे तुम्हाला वाटते. त्या जंगलातल्या मोठमोठ्या प्राण्यांनाही तसेच वाटायचे. साळूने एक फुकट मिळणारा एडिटर घेतला. का घेतला? समोर दिसला म्हणून. त्यात ती मान खाली घालून लिहीत बसली.

तिच्या बिळाशेजारी पुतळा राहायची. पुतळा ही भेकर, म्हणजे लहान चणीचे हरीण. तिला नुकतेच पाडस झाले होते. ते उभे राहायचे, दोन पावले टाकायचे आणि पुढच्या पायांत अडखळून बसायचे. पुतळा त्याला घेऊन साळूकडे आली.

"साळू, आमची बारी कवा लावलीस गं? ह्येला अजून पळता येत न्हाई. त्यो बिबट्या आमच्या येळेला आला तर मी काय करू?"

"नाही येणार, ताई. तुमची बारी घातलीसुद्धा. सकाळी, ऊन चढायच्या आत. सगळ्यांच्या वेळा घालून झाल्या. आता बिबट्याची तेवढी एक ओळ राहिलीय. दिवस मावळल्यावर, अशी घातली की झालं."

"घाल बाई लवकर," पुतळा म्हणाली आणि पाडसाला चाटत चाटत घेऊन गेली.

साळू ती ओळ लिहायला बसली, आणि नेमके तेव्हाच बगळेसाहेब खात्यात रुजू झाले.

बगळेसाहेब शहरातल्या प्राणिसंग्रहालयाच्या तळ्यावर राहून आलेले. पांढरेशुभ्र, इस्त्रीचे. एका पायावर उभे राहून ते फार खोल विचार करत. म्हणजे तसे दिसत तरी. ते साळूच्या मागे येऊन उभे राहिले.

"साळूबाई, हे कशात लिहिताय?"

"एडिटरमध्ये, साहेब."

"ते दिसतंय. केवढ्याला घेतला?"

"फुकट आहे, साहेब."

साहेबांनी वर घेतलेला पाय खाली ठेवला. "फुकट? महाराजांचं काम आणि फुकटच्या एडिटरमध्ये? अहो, उद्या काही बिघडलं तर ओरडायचं कोणावर?"

"माझ्यावरच ओरडतात, साहेब."

"तसं नव्हे. वर्गणी भरली असली की हक्काने ओरडता येतं." मग त्यांनी तळ्यावर पाहिलेल्या सशुल्क एडिटरचे वर्णन सुरू केले. तो चुका आपणहून दाखवतो. पुढचा शब्द तोच सुचवतो. दरवर्षी वर्गणी घेतो आणि दरवर्षी नव्या रंगात येतो. ऐकता ऐकता खात्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडाला पाणी सुटले.

इतक्यात वरच्या फांदीवरून आवाज आला, "वर्गणी? जंगलाला गुलाम करायचंय का तुम्हाला?"

हा झिपऱ्या वानर. खात्याचा सल्लागार. सल्लागार असल्यामुळे तो वरच बसायचा. "उद्या वर्गणी थकली की आपलाच प्रोग्रॅम आपल्याला उघडता येणार नाही! एडिटर मुक्त हवा, वाऱ्यासारखा! ज्याला पाहिजे त्याने घ्यावा, पाहिजे तसा बदलावा!" झिपऱ्याकडे स्वतःचा मुक्त एडिटर होता. त्याने त्याचे रंग बदलले होते, अक्षरे बदलली होती, कळफलकाच्या कळा बदलल्या होत्या. तो एडिटर इतका सजला होता की त्यात काही लिहून तो मळवणे झिपऱ्याच्या जिवावर यायचे. म्हणून त्याने कित्येक पावसाळ्यांत एकही प्रोग्रॅम लिहिला नव्हता.

आता बाळांनो, खरे सांगायचे तर दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. हीच तर पंचाईत होती. एकजण जरी साफ मूर्ख असता, तरी काम पुढे सरकले असते.

महाराजांनी एडिटर निवड समिती नेमली. बगळेसाहेब अध्यक्ष, झिपऱ्या उपाध्यक्ष. समितीने पहिल्याच बैठकीत, चहाच्याही आधी, एक आदेश काढला. निर्णय होईपर्यंत बारीच्या प्रोग्रॅमचे काम जैसे थे ठेवावे.

साळू धावत आली. "साहेब, एकच ओळ राहिलीय. ती लिहू द्या, मग काय ते जैसे थे ठेवा."

"एक ओळ असो नाहीतर हजार," बगळेसाहेब म्हणाले. "ती लिहिणार कशात? फुकटच्या एडिटरमध्ये लिहिलीत, तर समितीने त्याला मान्यता दिली असा अर्थ होईल. तुमची नोकरी कायम व्हायची आहे ना? मग शिस्त पाळा."

साळूने आशेने वर पाहिले. झिपऱ्या तिच्याच बाजूचा ना! एडिटर फुकटच होता ना!

झिपऱ्या खाली वाकून समजुतीने म्हणाला, "ताई, तुमची कळकळ मला कळते. पण एकदा काम झालं, की तत्त्वाला कोण विचारतो? थोडी कळ काढा."

साळूने काटे आवळले आणि ती बिळात गेली. वाटेत पुतळा भेटली. "झाली का गं ती वळ?" तिने विचारले. साळू म्हणाली, "होईल, ताई."

समिती कामाला लागली. कामाला म्हणजे कामाच्या पद्धतीला. दोन्ही एडिटर आणून समोरासमोर ठेवले. बगळेसाहेबांनी सशुल्क एडिटर उघडला. तो पुढचा शब्द सुचवू लागला, मग पुढचे वाक्य सुचवू लागला, मग साहेबांनी काही लिहायच्या आतच साहेबांची चूक दाखवू लागला. साहेबांना हे मानवले नाही. "हे बंद करा. तेही बंद करा. मधेमधे फार बोलतो," असे म्हणत त्यांनी एकेक सोय बंद करत आणली. शेवटी कोरी वही तेवढी उरली. तिची वर्गणी मात्र पूर्ण होती.

तिकडे झिपऱ्याने मुक्त एडिटरला एकेक जोडणी लावत आणली. चूक दाखवणारी, शब्द सुचवणारी, रंग भरणारी, रंग भरणारीला आवरणारी. शेवटी तो एडिटर उघडायला इतका वेळ घेऊ लागला, की तेवढ्यात झिपऱ्या दोन झाडे फिरून यायचा.

मग पार्श्वभूमीच्या रंगावरून जुंपली. रात्री हिंडणाऱ्यांना काळी हवी होती, दिवसा हिंडणाऱ्यांना पांढरी. तेवढ्यावरून होळी उलटून गेली. पळस फुलून झडून गेला. समिती शेजारच्या जंगलात अभ्यास दौऱ्यालाही जाऊन आली. तिथे एडिटर नव्हते, पण जांभळे चांगली होती.

आणि डोह आटत चालला.

महाराजांनी उद्घाटनाची तारीख आधीच देऊन ठेवली होती. महाराजांची तारीख कोण बदलणार? म्हणून आदेशाप्रमाणे प्रोग्रॅम होता तसाच बसवण्यात आला. डोहाकाठच्या उंबराला पडदा लावला. ज्याने समोर उभे राहावे, त्याला त्याची बारी दिसायची. डुक्कर आले, दिसली. नीलगाय आली, दिसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बिबट्या आला. पडद्यावर त्याचे नाव आले आणि नावापुढे काहीच आले नाही.

साळू तिथेच होती. बिबट्याने अदबीने विचारले, "बाई, माझी वेळ दिसत नाही."

"दिवस मावळल्यावर, बिबटेराव. टिटवी सांगायची तीच."

"हो, पण टिटवी गेली. आता हे लेखी आहे का कुठे?"

"नाही. व्हायचंय."

"अस्सं," बिबट्या म्हणाला. तो कायद्याला धरून वागणारा होता. "म्हणजे सध्या मला वेळेचं बंधन नाही. मग मी सवडीने येत जाईन." त्याने मिशा चाटल्या आणि तो सावलीत जाऊन आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती समितीच्या बैठकीत घुसली. तिथे मोठी गर्दी होती, कारण खुद्द महाराज निर्णय देणार होते. "महाराज, एक ओळ," ती म्हणाली. तिला कोणीतरी खाली बसवले.

महाराजांनी आयाळ झटकली. "आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या. सशुल्क घेतला तर झिपऱ्या उपोषणाला बसेल. फुकटचा घेतला तर बगळेसाहेब तळ्यावर परत जातील. म्हणून आम्ही दोन्ही एडिटर नाकारतो. आपल्या जंगलाचा स्वतःचा एडिटर तयार करण्यात येईल!"

केवढा जयजयकार झाला! बगळेसाहेब आणि झिपऱ्या एकमेकांच्या गळ्यात पडले. जयजयकार ओसरल्यावर मागून कोणीतरी विचारले, "पण हा नवा एडिटर लिहायचा कोणत्या एडिटरमध्ये?"

बगळेसाहेब एका पायावर उभे राहिले आणि झिपऱ्या वरच्या फांदीवर चढला. नव्या समितीसाठी नावे मागवली जाऊ लागली.

साळूचे तिकडे लक्ष नव्हते. ती बाहेरच्या उन्हाकडे पाहत होती. ऊन अजून चढले नव्हते. ही पुतळाची बारी होती.

तेवढ्यात डोहाकडून भेकराची हाक आली. भेकर कसे ओरडते ठाऊक आहे? कुत्रे भुंकल्यासारखे. एकदा, पुन्हा एकदा, आणि मग ओरडणे थांबेचना. साळू बैठकीतून उठून पळत सुटली. तिचे काटे पळताना वाजत होते.

पुतळा पडद्यासमोर उभी होती. पडद्यावर तिचे नाव होते, आणि नावापुढे तीच वेळ होती. चिखलात छोट्या खुरांची पावले पाण्यापर्यंत गेली होती आणि तिथून परत आली नव्हती. शेजारी मोठे पंजे उमटले होते.

"साळू," पुतळा म्हणाली, "आमचीच बारी व्हती ना गं?"

"हो, ताई."

"मग?"

साळू तशीच खात्यात गेली. खाते रिकामे होते, सगळे बैठकीला होते. तिने आपला जुना फुकटचा एडिटर उघडला आणि ती ओळ लिहिली. लिहायला तुम्हाला शिंक यायला लागतो तेवढाच वेळ लागला. ती ओळ तिला पळस फुलायच्या आधीही लिहिता आली असती. तिचे हात कोणी धरले नव्हते. आदेश होता, एवढेच. हे तिला आता कळले, आणि ती स्वतःच्याच काट्यांत तोंड खुपसून रडली.

त्या संध्याकाळी बिबट्या पडद्यासमोर आला. वेळ वाचली. "हां, आता लेखी आहे," तो म्हणाला, आणि त्यानंतर तो दिवस मावळल्याशिवाय कधी डोहावर आला नाही. म्हटले ना, कायद्याला धरून वागणारा.

पुढच्या बैठकीत दोन ठराव झाले. जैसे थे आदेश मोडल्याबद्दल साळूला खात्यातून कमी करण्यात आले. बगळेसाहेब म्हणाले, फुकटच्या एडिटरची सवय लागली की असेच होते. झिपऱ्या म्हणाला, एडिटर चांगला होता, पण चुकीच्या हातात पडला. दुसरा ठराव असा, की जंगलाच्या नव्या एडिटरला त्या पाडसाचे नाव द्यावे. समितीच्या इतिहासात एकमताने झालेला हा पहिलाच ठराव.

पाडसाचे नाव विचारायला ते पुतळाकडे गेले. सोबत शाल आणि नारळ नेला. बगळेसाहेबांनी तिला नवा एडिटर कसा असेल ते सविस्तर समजावून सांगितले. त्यात रंग कसे बदलतील, अक्षरे कशी मोठी होतील, वर्गणी घ्यायची की नाही यावर कसा विचार चालू आहे, सगळे सांगितले. पुतळाने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"नाव ठिवायचं व्हतं अजून," ती म्हणाली. मग ती उठली. ऊन चढायच्या आत तिला डोहावर जायचे होते. शाल तिथेच राहिली.

तात्पर्य : काम हाती घेण्यापूर्वी एडिटर सशुल्क असावा की फुकटचा, हे नीट पारखून घ्यावे. त्यात मुळीच घाई करू नये. तुम्ही ठरवेपर्यंत काम कुठे पळून जात नाही. आणि बिबट्याचे म्हणाल, तर त्याला कोणताही चालतो.